तपासणाऱ्याची रिकामी चौकट

सुलू आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुटगार्टच्या ऑफिसात एका ड्रॉइंगवर सही करत होतो. ब्रेकच्या एका सुट्या भागाचं ड्रॉइंग, दोन मापं बदललेली, खाली माझ्या नावाची चौकट. टेबलावर फोन थरथरला, कार्ल्सरूहेचा नंबर दिसला. आत्या कामाच्या वेळात कधीही फोन करत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी आधी सही पूर्ण केली आणि मग फोन उचलला. आत्याच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या फ्राऊ केलर बोलत होत्या. दोघींमध्ये मिळून एक वर्तमानपत्र यायचं. आत्या ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची आणि आठच्या आत केलरबाईंच्या पायपुसण्यावर आणून ठेवायची. त्या मंगळवारी नऊ वाजले तरी वर्तमानपत्र आलं नाही, म्हणून त्या वर गेल्या. त्यांच्याकडे किल्ली होती. "डॉक्टर येऊन गेले," मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "झोपेतच... त्रास झालेला दिसत नाही. तुम्ही सावकाश या." मी गाडी काढून निघालो. वाटेत फोर्झहाइमच्या चढावर नेहमीसारखाच श्टाऊ, म्हणजे गाड्यांची कोंडी, लागला होता. रांगेत उभ्या गाडीत माझा हात दाराच्या कप्प्यात गेला आणि तिथे घडी घातलेले अकरा कागद लागले. त्यांच्यावर माझ्या कॉफीच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. ते कागद आत्याने मला तपासायला दिले होते, सप्टेंबरात. मी ते वाचले नव्हते.

याला आता दोन महिने होऊन गेले. ज्यांनी तिला ओळखलं त्यांना ती शहरांच्या इतिहासाची प्राध्यापक म्हणून ठाऊक आहे. अमेरिकेतल्या एका राज्याच्या सरकारी विद्यापीठात तिने तीसेक वर्षं शिकवलं, आणि शेवटची दीड वर्षं इथे, कार्ल्सरूहेला, पाहुणी संशोधक म्हणून. मला ती बाबांची धाकटी बहीण म्हणून ठाऊक. मी तिसरीत होतो तेव्हा ती पुण्याहून अमेरिकेला शिकायला गेली. तिथून तिची पोस्टकार्डं यायची, पण त्यांवर कधी पुतळा नाही, धबधबा नाही. नुसता एखादा रस्ता, दुकानं, विजेचे खांब. आई म्हणायची, "सुलूला तिकडे बघण्यासारखं काही मिळत नाही वाटतं." आत्याला बघण्यासारखं तेच वाटायचं. आणि वाचण्याचं तिला वेड होतं. औषधाच्या खोक्यातला तो पातळ कागद उलगडून ती सगळा वाचायची. माझ्या लग्नात हॉलवाल्याचा करार बाबांनी न वाचता सह्या करून ठेवला होता. आत्याने लग्नाच्या चार दिवस आधी येऊन तो वाचला आणि त्यात जनरेटर धरलेलाच नाही हे शोधून काढलं. लग्नात दिवे दोनदा गेले आणि दोनदा आले, ते तिच्यामुळे. "न चावता गिळणारा आणि न वाचता सही करणारा, दोघांचंही पोट कधीतरी दुखतंच," हे तिचं ठेवणीतलं वाक्य. आम्ही भावंडं तिच्या मागे तिची नक्कल करत ते म्हणायचो.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. काका जाऊन तोवर सात-आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आमचा रविवार ठरलेला असायचा. एरवी ती आधी माझ्या मुलीशी, अन्वीशी, बोलायची. आत्याने मराठीत विचारायचं, अन्वीने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं आणि दोघींनी खूश व्हायचं. त्या दिवशी ती थेट म्हणाली, "जरा माझं एक काम करशील?" तिच्या राज्यात नवा कायदा आला होता. सरकारी विद्यापीठातल्या शिक्षकांनी वर्षभरात काय शिकवणार याचा आराखडा आधी सादर करायचा, आणि 'दुफळी माजवणारे' विषय टाळायचे. कायद्यात शब्दांची यादी नव्हती. यादी केली होती ती विद्यापीठातल्याच कुणी घाबरून. वंश, भेदभाव, अन्याय, हुसकावणे... असे चाळीसेक शब्द. आराखड्यात त्यांतले शब्द दिसले की तो कागद एका समितीपुढे जायचा, आणि समितीपुढे गेलेला कागद परत येत नव्हता. "कायदा दोन पानी आणि भीती चार पानी," आत्या म्हणाली. तिच्या दोन सहकाऱ्यांचे वर्ग बंद झाले होते. तिला निवृत्तीला अवकाश होता, वर्ग सोडायचा नव्हता आणि भांडायलाही आता थकल्यासारखं झालं होतं.

मी इंजिनिअर माणूस. मला समोर प्रश्न दिसला की हात शिवशिवतात. मी म्हटलं, "अगं आत्या, एवढंच ना? दे पाठवून." आणि चहा गार व्हायच्या आत मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. यादीतला शब्द आला की तो तिथे निरुपद्रवी शब्द ठेवायचा. 'भेदभाव' गेला, 'लोकसंख्येतील फरक' आला. 'हुसकावून लावले' गेलं, 'स्थलांतर झाले' आलं. शेवटी पडद्यावर शून्य आलं. यादीतला एकही शब्द उरला नाही. मी तो आराखडा तिला पाठवला तेव्हा तिने फक्त एक विचारलं, "तू वाचलास का रे?" मी हसलो. "वाचायची गरजच नाही. शून्य आलंय ना!" ती गप्प राहिली... मला वाटलं तिचं नेट अडकलं. आठवड्याभरात तिचा वर्ग मंजूर झाला. सोमवारी मी ही गोष्ट ऑफिसात कॅन्टीनमध्ये रंगवून सांगितली आणि सगळे हसले. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

दीड वर्षाने ती दोन बॅगा घेऊन फ्रँकफर्टला उतरली. तिने वेळेआधी निवृत्ती घेतली होती आणि कार्ल्सरूहेच्या विद्यापीठातल्या जुन्या ओळखीने तिला इथे बोलावलं होतं. माझ्या ओळखीचे लोक तिला भेटायला यायचे, 'धैर्य दाखवलंत' म्हणायचे, आणि ती वैतागायची. "धैर्य कसलं? मी निघून आले. धैर्यवाले तिथेच आहेत, रोज वर्गावर जातायत." कुणी अमेरिकेला नावं ठेवायला लागलं तर ते तिला मुळीच खपायचं नाही. तिचा आवडता विद्यार्थी एका शेतकरी कुटुंबातला होता, तिच्या एकाही मताशी त्याचं पटत नसे आणि दर आठवड्याला तो हात वर करून वाद घालायचा. तिचा वर्ग बंद व्हायची वेळ आली तेव्हा समितीला पहिलं पत्र त्याने लिहिलं. ती म्हणायची, "विद्यापीठ लोकांच्या पैशावर चालतं, तर लोकांनी विचारायलाच हवं काय शिकवता म्हणून. पण वर्गात येऊन बसा, ऐका, भांडा. शब्द मोजून काय कळणार?" हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तेव्हाही मला काही उमगलं नव्हतं.

उमगलं ते इथल्या राजवाड्यामागच्या बागेत. राजवाड्यापासून पंख्याच्या काड्यांसारखे सगळे रस्ते निघतात, हे कार्ल्सरूहेचं वैशिष्ट्य आत्याला फार गमतीचं वाटायचं. "राजाला खिडकीतून सगळी प्रजा दिसली पाहिजे म्हणून आखलेलं गाव, आणि आता तिथून फक्त सायकली दिसतात!" त्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो आणि मी सहज विचारलं की मंजूर झालेला वर्ग सोडून ती का आली. मग तिने बर्निसबाईंची गोष्ट सांगितली. आत्याच्या वर्गाचा सहावा आठवडा एका महामार्गाचा असायचा. तिच्याच शहरात पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी एक महामार्ग बांधला गेला आणि त्यासाठी कृष्णवर्णीय लोकांची एक नांदती वस्ती मधोमध कापली गेली. बर्निसबाई त्या वस्तीत वाढल्या, घर पाडलं तेव्हा शाळेत होत्या, आता ऐंशी उलटलेल्या. दरवर्षी सहाव्या आठवड्यात त्या वर्गात यायच्या, डोळे मिटायच्या आणि कोपऱ्यापासून सुरू करून त्या रस्त्यावरची दुकानं एकेक करून म्हणायच्या. न्हावी, शिंपी, तळलेल्या माशांचं दुकान, पियानो शिकवणाऱ्या बाई... शेवटच्या दुकानापर्यंत. दुसरं काही बोलायच्या नाहीत. आत्या त्यांना दरवर्षी नवा आराखडा टपालाने पाठवायची, मान म्हणून.

त्या वर्षी तिने माझा पाठवला. चार दिवसांनी बर्निसबाईंचा फोन आला. "सहाव्या आठवड्यात लिहिलंय, रहिवाशांचे स्थलांतर झाले. कोणाचं झालं बाई? आम्ही हौसेने गेलो नव्हतो. आम्हाला हुसकावलं होतं. तुमच्या कागदावर मी नाही, तर मी येऊन काय करू?" आणि त्या आल्या नाहीत. आत्याने तो तास एकटीने घेतला. पुढच्या वर्षी तिने जुना आराखडा जसाच्या तसा सादर केला, तो समितीपुढे गेला आणि परत आला नाही.

मी म्हटलं, "आत्या, हे माझ्यामुळे झालं." ती म्हणाली, "सही माझी होती. पण तू वाचायला हवं होतंस रे... इतकंच." रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग उठून तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आता भजी खायची इच्छा झाली आहे, घरी चल, म्हणाली.

त्याच वर्षी दिवाळीत ती आमच्याकडे असताना मी घरून काम करत होतो आणि तिने माझ्या टेबलावरचं ड्रॉइंग हातात घेतलं. यंत्राच्या प्रत्येक ड्रॉइंगवर उजव्या कोपऱ्यात चौकटी असतात: कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. वर एक लहान तक्ता असतो; केव्हा काय बदललं आणि कोणी बदललं ते त्यात. आत्या हरखून गेली. "म्हणजे लपवालपवी नाही! काढून टाकलेलंसुद्धा कुणी काढलं ते राहतं. आमच्या धंद्यात हे का नाही?" मला विचारून विचारून तिने सगळं समजून घेतलं. तपासणाऱ्याने नक्की काय करायचं असतं, असंही विचारलं. मी पुस्तकी उत्तर दिलं, की प्रत्येक माप स्वतः वाचायचं, काढणाऱ्यावर विश्वास असला तरी. "हं," ती म्हणाली, "चांगला नियम आहे."

या हिवाळी सत्रात तिला कार्ल्सरूहेला तोच वर्ग इंग्रजीत घ्यायची संधी मिळाली. ऐच्छिक विषय, चौदा विद्यार्थी, बहुतेक सगळे इंजिनिअर व्हायला निघालेले. सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला ती स्टुटगार्टला आली तेव्हा आरतीनंतर तिने माझ्या हातात ते अकरा कागद ठेवले. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात माझ्या ड्रॉइंगसारख्याच चौकटी होत्या. बदलांच्या तक्त्यात तीन ओळी. पहिली: मूळ आराखडा. दुसरी: शब्द वगळले, न वाचता. तिसरी: शब्द परत घेतले. तिन्हींपुढे तिचंच नाव, माझं कुठेही नाही. खाली 'काढले' या चौकटीत तिची सही, आणि 'गेप्रूफ्ट', म्हणजे तपासले, ही चौकट रिकामी. "तपासून दे," ती म्हणाली. "सावकाश. पण वाचून."

मी होकार दिला आणि कागद गाडीत ठेवले. मग एका प्रकल्पाची तारीख आली, मग अन्वीच्या शाळेची सहल, मग टायर बदलायचे होते... कामं काय, संपतात का कधी. दर रविवारी ती एकदा विचारायची, "कुठपर्यंत आलास?" पहिल्या रविवारी मी म्हटलं, सुरू करतोय. दुसऱ्या रविवारी म्हटलं, अर्धं झालं. तिसऱ्या रविवारी म्हटलं, "वाचलं गं, छान आहे. सही पुढच्या आठवड्यात, भेटलो की." ती म्हणाली, "बरं." तीस वर्षं विद्यार्थ्यांची उत्तरं तपासलेल्या बाईला न वाचलेलं ओळखू येत नसेल? त्यानंतर तिने विचारणं बंद केलं. ऑक्टोबरात सत्र सुरू झालं आणि पाच आठवड्यांनी तो मंगळवार आला.

इथे माणूस गेल्यावरही कागद संपत नाहीत. दाखले, शिक्के, दहनाची तारीख. त्या गडबडीत विभागातून फोन आला. वर्ग रद्द करता येईल, पण विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं की सहावा आठवडा तरी व्हावा. पाहुण्या बाईंनी अमेरिकेतून व्हिडिओवर यायचं, असं आत्याने ठरवून ठेवलं होतं. मी बर्निसबाईंना फोन केला. बातमी ऐकून त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात तिने मला ते वाक्य फोनवर वाचून दाखवलं होतं. विचारलं, आता बरोबर आहे का. मी म्हटलं, आता येते. तर मी येणारच."

एक आठवडा उशिराने तो तास झाला. मी शेवटच्या बाकावर बसलो. मोठ्या पडद्यावर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसलेल्या, पांढऱ्या केसांच्या लहानखुऱ्या बर्निसबाई दिसत होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. न्हावी. शिंपी. मासे. पियानोच्या बाई. मध्ये एका ठिकाणी थांबल्या, बोट हवेत धरलं, जणू रस्ता ओलांडत होत्या, आणि पलीकडची बाजू सुरू केली. मी पंधरा वर्षं गाड्यांचे भाग बनवतो आहे. त्या गाड्या ज्या रस्त्यावरून जातात त्याच्याखाली काय होतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, कॅमेऱ्यातून त्यांना दिसणाऱ्या आत्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवली आणि पडदा काळा झाला. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

सगळे उठले तेव्हा एक मुलगी माझ्याजवळ आली. लेना तिचं नाव. तिच्या हातात तोच आराखडा होता, कोपऱ्यातल्या चौकटींसकट. "आल्झो... म्हणजे तुम्हीच ते तपासणारे ना?" तिने विचारलं. "पहिल्याच दिवशी आम्ही विचारलं होतं, ही चौकट रिकामी का? आम्हाला तर शिकवतात, तपासल्याशिवाय ड्रॉइंग द्यायचंच नाही." मी विचारलं, त्यावर आत्या काय म्हणाली? लेना हसली. "म्हणाल्या, माझा भाचा तपासतोय. तो फार काळजीपूर्वक वाचतो, म्हणून वेळ लागतोय."

मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, मी अजून एक पानही वाचलेलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि मान डोलावून गेली.

आत्याची खोली आम्ही डिसेंबरात रिकामी केली. केलरबाईंनी वर्तमानपत्र बंद केलं नाही. आता त्या एकट्याच ते घेतात आणि वाचून झालं की उलट वरच्या दारापाशी नेऊन ठेवतात, असं मला नव्या भाडेकरूने सांगितलं. पुस्तकं मी घरी आणली. त्या मंगळवारचं ब्रेकचं ड्रॉइंगही मी दुसऱ्या आठवड्यात मागवून घेतलं आणि प्रत्येक माप पुन्हा पाहिलं. त्यात चूक नव्हती. ऑफिसात आता माझ्या टेबलावर कागद साचतात, सहकारी चेष्टा करतात, करोत.

ते अकरा कागद, कॉफीच्या डागासकट, माझ्या टेबलावर उजव्या हाताला आहेत. प्रत्येक आठवड्यापुढे आत्याने वाचायची पुस्तकं लिहिली आहेत, ती मी दर रविवारी दुपारी वाचतो, तिच्या फोनच्या वेळेला. सत्र पंधरा आठवड्यांचं आहे, मी आठव्यात आहे. अन्वी परवा मागे येऊन उभी राहिली आणि त्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून जर्मनमध्ये म्हणाली, इथे तर नुसती सही करायची आहे, कर ना. मी म्हटलं, नाही, अजून सात आठवडे. आत्याआजी माझ्याबद्दल वर्गात एक गोष्ट सांगून गेली आहे. ती खोटी होती. ती आता मला खरी करायची आहे.